उजव्या हाताचं गाऱ्हाणं

…तांब्याच्या गळ्याखाली राखेची एक बारीक रेघ राहून गेली होती. बाकी सगळा तांब्या लखलखीत – त्यात जानकीला स्वतःचं नाक फुगलेलं दिसत होतं आणि नाकामागे दाराची चौकट वाकडी झालेली – पण गळ्याखाली, जिथे बोट आत वळवून घासावं लागतं तिथे, राख तशीच. लवूचं ते बोट वळत नाही. तिचा हा नवरा, सारी उमेद बोटीवरच्या भटारखान्यात घालवून आता कायमचा घरी आलेला, रोज तिच्या आधी उठून विहिरीच्या काठाशी बसून भांडी घासत होता. पुरुष माणूस! पाण्याला आलेल्या बायका कळशी बुडवायची विसरून बघत राहायच्या आणि मग जानकीला म्हणायच्या, नशीब काढलंस गो. नशीब म्हणे. दिवाळीनंतर तो आगबोटीतून उतरला, आता शिमगाही होऊन गेला, रातांबे पिकून पडायला लागले, आणि एवढ्या महिन्यांत जानकीने मनापासून दुसरं कामच केलं नव्हतं – ती त्याच्यावर नजर ठेवून होती.

पहिल्यांदा तिला वाटलं, बाटला. कारण आल्या आल्याच त्याच्या तोंडी येशूचं नाव, आणि तेही असं, जणू तो शेजारच्या वाडीतला कुणी ओळखीचा. तिने तो झोपल्यावर गळा पाहिला – क्रूस नाही, काही नाही, आईने लहानपणी बांधलेल्या ताईताचा डाग तेवढा. रविवारची वाट पाहिली. रविवारी तो मालवणात गेला खरा, पण कोयता पाजवून घ्यायला. गावच्या देवळात पूर्वी पाय ठेवत नसे, आता सोमवारी जाऊन पायरीवर बसतो. मग तिला वाटलं, बाई असणार. मुंबईत नाहीतर आणखी कुठे. तिने त्याची पेटी उपसली, सदरे हुंगले – साबण, तंबाखूचा जुना वास, आणि एक लोकरी गळपट्टा, ज्याला कसलाच वास नव्हता. बाई नव्हती. असती तर बरं झालं असतं, असं तिला त्या पेटीसमोर बसून वाटलं, आणि वाटलं याचीच लाज वाटली. बाईशी भांडता येतं. हे जे घरात आलं होतं त्याच्याशी भांडायचं कसं?

दारू नाही. शिवी नाही. जेवणात मीठ जास्त पडलं तर – तिने एकदा मुद्दाम घातलं – तर निमूट जेवला आणि वर तांब्याभर पाणी प्याला. जानकी त्याच्या हाताकडे बघत होती. उजवा हात, मनगटापासून बोटांपर्यंत भाजून गुलाबी, चकचकीत झालेला, कातडी ताणून बसवल्यासारखा. उकळत्या सांज्याचं पातेलं बोट हलली तेव्हा त्याच्या हातावर आलं. तो हात ताटाजवळ शांत पडून होता. शांत पडलेल्या हाताचा काय भरवसा?

ती चुलीपाशी तिरकी बसते. शेजारची सत्यवती, म्हणजे तिची धाकटी जाऊ, नेहमी म्हणायची, अशी कशी बसतंस गो, कंबर धरेल. सरळ बसलं की दाराकडे पाठ होते, आणि जानकी दाराकडे पाठ करत नाही. वाटेनं चालतानाही ती लवूच्या मागेच असते. लोकांना वाटतं, जुन्या वळणाची बाई. वळण कसलं! त्या दिवशी ती चुलीपाशी सरळ बसली होती, दिवेलागण होती, ती फुंकणीने जाळ करत होती, आणि पाठीमागून आला होता तो – रजेवर घरी येऊन एकच दिवस झालेला, आणि धाकट्या भावाने, बाबलीने, घरासमोरच्या खळ्यात उभं राहून त्याच्या कानात घातलेलं… मोजणीचा कारकून ओटीवर बसून पाणी प्याला होता, एवढंच. उन्हाचा आला होता बिचारा. बाबलीने त्याचं काय केलं देव जाणे. चिव्याच्या बांबूची काठी पाठीवर पडली तेव्हा जानकीला आधी वाटलं, वरचा वासाच कोसळला. तिला चौथा महिना होता, त्याच्या मागच्या रजेतला. मग नव्हता. आठ दिवसांनी लवू बोटीवर परत गेला, आणि जाताना म्हणाला, दाराला आतून कडी घालत जा.

मूल पुन्हा राहिलं नाही.

तो गेल्यावर, चालता यायला लागल्याबरोबर, ती पहिल्यांदा बाहेर पडली ती नारळ घेऊन. वाडीच्या टोकाला, सुरंगीच्या झाडाखाली राखणदाराचा धोंडा आहे. कुणी कुणाचं वाईट केलं आणि माणसांपाशी न्याय मिळेनासा झाला की तिथे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात – नाव घेऊन. मग तो राखणदार बघून घेतो. घातलेलं गाऱ्हाणं सोडवायचं तर ज्याने घातलं त्यानेच यायचं, दुसरा नारळ आणायचा, आणि तेच नाव पुन्हा मोठ्याने घेऊन तो फोडायचा. जानकीने नाव घेतलं होतं ते ओठांतल्या ओठांत. नवऱ्याचं नाव बाईने असंही मोठ्याने घ्यायचं नसतं. म्हणाली होती, ज्या हाताने मारलं त्या हाताला तू बघ.

आणि त्याने बघितलं. नेमका उजवा.

हे कुणाला ठाऊक नव्हतं. सत्यवतीने तिला धोंड्यापाशी नारळ ठेवताना पाहिलं होतं, आणि तिने सरळ हिशेब केला: चुगली केली बाबलीने, तर नारळ बाबलीच्या नावाचा. नवऱ्यावर कोण बाई नारळ ठेवते? पुढच्याच वर्षी बाबली माडावरून पडला, पाय मोडला, वाकडा बसला. मग होडी फुटली. मग म्हैस गेली. प्रत्येक वेळी सगळी वाडी सुरंगीच्या दिशेला बघायची. बाबली जानकीच्या वाऱ्याला उभा राहीनासा झाला. समोरून आली की कुंपणात शिरायचा. आणि जानकीने एकदाही सांगितलं नाही की बाबा रे, तुझा पाय माझ्याकडे नाही. भिऊ दे मेल्याला, असं तिला वाटायचं. बरं वाटायचं, खोटं कशाला बोला.

पण आज बाबली येणार होता. लवूनेच बोलावलं होतं त्याला. काल जेवून उठताना तो म्हणाला की बाबलीला मी केव्हाच मनातून मोकळं केलंय, आता तूही ते गाऱ्हाणं सोडव, उद्या तिघं मिळून जाऊ. मोकळं केलंय! जानकीच्या हातातलं खरकटं ताट तसंच राहिलं. मार मी खाल्ला, मूल माझं गेलं, आणि मोकळं करणारे हे कोण? सावकार दुसरा आणि पावती देणारा तिसराच. आणि त्या दिवेलागणीबद्दल – त्या काठीबद्दल, तिच्या पाठीबद्दल – एवढ्या महिन्यांत एक शब्द नाही. भांडी घासतो, पण शब्द नाही.

सकाळभर ती खळ्यात रातांबे फोडत बसली. फोडायचा, गर मडक्यात, साल आमसुलांसाठी उन्हात. लाल रस कोपरापर्यंत ओघळला. समोर लवू पडवीच्या पायरीवर माडाच्या झावळाची पाती विणत होता आणि विणता विणता, कुणी न विचारताच, इनासाबद्दल सांगत होता. इनासाची गोष्ट तिला पाठ झाली होती. इनास वेंगुर्ल्याकडचा ख्रिस्ती, बोटीवर कोळसे ओढायचा. लवूला परक्या बंदरातल्या इस्पितळात टाकून बोट गेली तेव्हा हाही पाय सडल्यामुळे मागे राहिला होता. स्वतः लंगडत उठायचा आणि लवूला पुसायचा, भरवायचा, त्याची घाण काढायचा. आणि बोटीवर असताना याच इनासाला लवूने एकदा शिळं अन्न वाढून वर लाथ मारली होती. लवूने विचारलं, कित्याक करतंस? तर इनास हसला.

"तो म्हणालो, पाद्री सांगतत येशू एकटोच देवाचो पूत. माका तसां दिसना नाय," लवू म्हणाला. "तो पयलो. वाट दाखवूक इल्लो. मागसून सगळ्यांनीच तसां जावचां आसा – तूय, मीय, बाबलीय. कोणय चुकाचो नाय."

कुणीच चुकायचं नाही. जानकीने एक रातांबा इतक्या जोरात फोडला की रस डोळ्यात गेला. सगळेच तसे व्हायचे तर मग चांगलं आहे की! मारणाराही तसा, चुगली करणाराही तसा, आणि मार खाणारीने काय करायचं – तिनेही तसंच व्हायचं, दुसरी सोयच नाही. हे सगळं पुरुषांना सुचतं कसं, आणि तेही सगळं करून सवरून झाल्यावर? इनासाचा तिला राग नव्हता. इनासाने लाथ खाल्ली होती, त्याला बोलायचा हक्क होता. इनास गेला, त्याच इस्पितळात. पण लवूला तो कुठला हक्क? त्याने काय खाल्लं? हात भाजला – तो तर माझ्या नारळाने भाजला…

आणि इथे ती थांबली. हा विचार नवा नव्हता, पण आजवर ती त्याच्या कडेकडेने जात आली होती, चिखल चुकवून जावं तशी. माझ्या नारळाने हात भाजला. हात भाजला म्हणून इस्पितळ. इस्पितळ म्हणून इनास. म्हणजे ही भांडी, ही न दिलेली शिवी, हा खारट आमटी निमूट खाणारा माणूस – हे माझंच केलेलं आहे? शाप दिला मी आणि फळलं हे? तिला हसू आलं, मग भीती वाटली. राखणदाराला मी हाताला बघ म्हटलं होतं, त्याने माणूसच नेला. मला मारणारा तो लवू आता कुठे आहे? त्याला मी कुठे गाठू? त्याच्याकडून मला काहीतरी येणं होतं, आणि त्याच्या जागी हा बसलाय पाती विणत, ज्याच्यावर धड रागावताही येत नाही. दोरीचं एक टोक माझ्या हातात, आणि दुसरं कुणी धरलेलंच नाही. खरा बदलला असेल तर माझं सगळं बुडालं. आणि खोटा असेल…

खोटाच असेल. तिने तेच धरलं. खोटा असेल तर एका क्षणात कळेल. नाव कुणाचं होतं ते सांगायचं – भर राखणदारासमोर, भावासमोर – आणि हाताकडे बघायचं. हात उठला तर झालंच. मग मी मोकळी. आणि नाही उठला तर? तिने हात धुतले, पण रातांब्याचा रंग निघाला नाही.

बाबली उन्हं कलल्यावर आला. काठी टेकत आला आणि खळ्याच्या बाहेरच उभा राहिला, आत ये म्हणेपर्यंत. पूर्वीचा उर्मट बाबली, मिशीला पीळ देणारा. आता मान पुढे आलेली, गालफडं बसलेली. लवूने त्याचा दंड धरून त्याला पायरीवर बसवलं. बाबली जानकीकडे बघत नव्हता, जमिनीशी बोलत होता.

"वयनी, माझी चूक. तो कारकून पाणी पिऊन गेल्लो, बाकी मी काय एक बघूक नाय. सगळां खोटां." मग जरा थांबून, "माका ह्यातून सोडव गो."

इतकी वर्षं जानकीला वाटलं होतं की हे शब्द कानावर पडले की आत काहीतरी थंड होईल. काही झालं नाही. कोपऱ्यातला नारळ उचलून ती म्हणाली, चला.

लवू पुढे, बाबली मध्ये, ती मागे. दगडी गडग्याच्या कडेने वाट जाते, पायाखाली वाळू, एका बाजूला समुद्राचा आवाज माडांमधून येत होता. ती लवूच्या उजव्या हाताकडे बघत चालली होती. चालताना तो हात हलत नसे, अंगाला धरल्यासारखा राही. तिच्या मनात आलं, अजून परत फिरता येईल. बाबलीचं नाव घ्यावं, नारळ फोडावा, संपलं. बाबली सुटेल, लवूला वाटेल बायकोही आता तशी झाली, सगळे खूष. फक्त राखणदार आणि मी, आम्हा दोघांना ठाऊक राहील. आणि तो हात तसाच राहील, न सोडवलेला, माझ्या ताटाशेजारी, मरेपर्यंत.

सुरंगीखाली सावली दाट होती. धोंड्यावर कुणीतरी सकाळी फुलं वाहिली होती. बाबलीने काठी टाकली आणि हात जोडले. लवूने डोळे मिटले – ते तिला अगदी आवडलं नाही, ते मिटलेले डोळे, तो शांत चेहरा. आधीच सगळं क्षमा करून बसलेला चेहरा.

"ह्यो नारळ बाबलीच्या नावाचो नाय," जानकी म्हणाली. "तेव्हाय नव्हतो."

बाबलीने मान वर केली. "मगे माझो पाय?"

"तू माडी पिऊन माडार चडलंस, म्हणान मोडलो."

त्याचं तोंड उघडंच राहिलं. सुटलो म्हणून आनंद व्हावा तर तो दिसेना. इतकी वर्षं जपलेलं काहीतरी कुणी हिसकावून घ्यावं तसा तो तिच्याकडे बघत होता. जानकी त्याच्याकडे बघत नव्हती. लवूने डोळे उघडले होते.

"तुमच्या नावाचो," ती म्हणाली. मग तिने ते केलं जे आयुष्यात केलं नव्हतं, त्याचं नाव घेतलं, मोठ्याने, झाडाखाली. "लवूच्या. लवूच्या उजव्या हाताच्या. ज्या हातान माझां पोर मारल्यान."

तिने त्याच्या चेहऱ्यावर ते उगवताना पाहिलं – आधी काही न कळणं, मग हाताकडे जाणारी नजर, मग हिशेब लागणं. आणि मग कपाळावरची ती शीर. ती शीर तिला ओळखीची होती. जबडा आवळला, नाकपुड्या फुगल्या, आणि तो गुलाबी हात अंगापासून सुटला आणि वर आला. वर आला, खांद्यापर्यंत. जानकी जागची हलली नाही. आलास, तिच्या मनात आलं, आलास का रे शेवटी. तिला जवळजवळ आनंद झाला. हा होता तो. कुठे गेला नव्हता. इतके महिने इथेच होता, त्या भांड्यांच्या मागे…

हात वर तसाच राहिला. मग लवूने डाव्या हाताने त्याचं मनगट धरलं. धरलं म्हणजे आवळलं, उधळलेल्या बैलाची वेसण धरावी तसं, आणि तो हात खाली आणायला त्याला वेळ लागला. घाम फुटला होता. तो सुरंगीच्या मुळावर बसला, दोन्ही हात मांडीत दाबून, आणि बराच वेळ त्याला श्वास पुरत नव्हता. बाबली हळूच काठी उचलून वाटेला लागला, त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"माका राग इलो," लवू म्हणाला. कुणाला तरी बातमी द्यावी तसा. "तुका मारूचां असां वाटलां."

तो आल्यापासून पहिल्यांदाच जानकीला त्याचं बोलणं खरं वाटलं.

ती उभीच होती. नारळाच्या शेंडीत तिची लाल बोटं अडकली होती. तिने विचारलं, आणि आपण हे का विचारतोय ते तिला कळलं नाही, "इनासाक येय राग?"

लवूने मान डोलावली. "येय. रोज येता म्हणी." आणि मग, धोंड्याकडे नाही, तिच्याकडेही नाही, स्वतःच्या मांडीतल्या हातांकडे बघत, "त्या दिवशी मी धरूक नाय तेका. ह्या हाताक. धरूक येत होतां. धरूक नाय."

तिला रडू आलं नाही. रडू कधीच संपलं होतं. आला तो राग, जुनाच, पण आता त्याला जागा होती. समोर मुळावर बसलेल्या या घामेजलेल्या माणसात तो नेमका जाऊन बसत होता. दोरीला दुसऱ्या टोकाने कुणीतरी धरलं होतं. ओढ लागत होती. इनास म्हणे, सगळेच तसे होणार. होणार म्हणजे असं होणार का – रोज एक हात वर, आणि रोज दुसऱ्या हाताने तो खाली? मग ते काही देवाचं लक्षण नव्हे, ती तर नुसती मजुरी. आणि ती मजुरी उद्या याला झेपली नाही तर? परवा? कोण हमी देणार? संशय गेला नव्हता. पण आता तो सगळा लवूवर नव्हता. त्यातला थोडा तिच्याकडे वळून बघत होता, की बाई गं, तू काय करणार आहेस, तुझ्याही हातात काहीतरी आहे.

"फोड," लवू हलकेच म्हणाला. "नाव तर घेतलंस."

जानकीने नारळाकडे पाहिलं. धोंड्याकडे पाहिलं. एवढी वर्षं तिने ते गाऱ्हाणं एकटीने सांभाळलं होतं, आणि एका घावात ते फोडून टाकायचं, भिजल्या खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकून घरी जायचं, हे तिला परवडण्यासारखं नव्हतं. निदान आज नव्हतं.

"आज नाय," ती म्हणाली.

तिला वाटलं तो काही बोलेल, त्या इनासाचं काही सांगेल. तो नुसता बरां म्हणाला. ती नारळ कडेवर घेऊन निघाली. घरी सालं उन्हात पडली होती, दव पडायच्या आधी आत घ्यायला हवी होती; तांब्याच्या गळ्याखालची ती राखेची रेघ काढायला हवी होती, की राहू द्यावी… उद्या त्याला दाखवून द्यावी का, की इथे डाव्या हाताने घासा? समुद्राचा वारा माडांतून यायला लागला होता. गडग्याची सावली वाटेवर लांब पडली होती आणि त्या सावलीतून ती चालली होती, नेहमीपेक्षा जरा सावकाश, आणि मागे वाळूत पावलं वाजत होती, जड, एका लयीत. ती पावलं तिने कितीतरी वेळ नुसती ऐकली. मग एकाएकी तिच्या लक्षात आलं की आज ती पुढे आहे. तिची पाठ त्याच्याकडे होती.

खांदे आपोआप आखडले. मान वळवावी का? वळवावी, असं सगळं अंग सांगत होतं. वाट अजून बरीच होती. जानकीने नारळ घट्ट धरला, आणि मान वळवायची की नाही हे ठरत नसताना तिने पुढचं पाऊल टाकलं.